जुन्या पद्मिनीचा गंज आणि पत्र्याचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. तेव्हापासून घराच्या पडवीत, सोसायटीच्या कोपऱ्यात, गावाकडच्या गोठ्याशेजारी झाकून ठेवलेल्या खाजगी पद्मिनींबद्दल विचारणा एकदम वाढली आहे. "वडिलांची गाडी आहे, इंजिन चालतं, पण पत्रा सडलाय" अशी सुरुवात जवळपास प्रत्येक पत्रात असते. आमच्या घरची पद्मिनी बरीच वर्षं रत्नागिरीत खाऱ्या वाऱ्यावर राहिली आणि मग ठाण्यात आली. तिच्यावर हात मळवताना जे कळलं आणि जे तुमच्या गाड्यांच्या फोटोंतून कळलं, ते इथे एकत्र केलं आहे. अँबेसेडर किंवा पहिल्या मारुती ८०० वाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

१. गंज वरवरचा आहे की आतपर्यंत गेलाय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तीन वस्तू घ्या : लहान लोहचुंबक, बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून तो पत्र्यावरून सावकाश फिरवा. जिथे पकड एकदम सैल होते तिथे खाली पुट्टीचा, म्हणजे लांबीचा, जाड थर आहे. मग गाडीखाली आडवे होऊन स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा टकटक वाजवा. धड पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द आवाज करतो. बद्द वाजला तिथे टोक जरा दाबून बघा. आत गेलं, तर तो पत्रा तसाही नव्हताच. फक्त रंगाने तोलून धरला होता.

रंगावर तपकिरी डाग असेल आणि घासल्यावर खाली चकचकीत लोखंड दिसलं, तर गंज वरवरचा. रंग फुगून आला असेल, तर बहुतेक वेळा गंज आतल्या बाजूने बाहेर आलेला असतो (प्रश्न ४ पाहा). गाडी जॅकवर उचलून खाली जाऊ नका. घोड्या (लोखंडी टेकू) लावा, आणि त्याही धड पत्र्याखाली.

२. पद्मिनी नेमकी कुठे कुठे सडते?

आधी एक गोष्ट समजून घ्या. महिंद्राच्या जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, वर बॉडी ठेवलेली असते. पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली, त्या घराण्याला वेगळी चासी नाही. फ्लोअर, रनिंग बोर्ड (दरवाजांखालची पोकळ पट्टी), खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे पद्मिनीत काही ठिकाणचा गंज दिसायला वाईट असतो, आणि काही ठिकाणचा जिवावर बेततो.

दिसायला वाईट, पण थांबू शकेल असा गंज : हेडलाइटभोवतीचा फेंडर (चाकाने उडवलेला चिखल आतून तिथे जाऊन बसतो), फेंडरचा दरवाजाकडचा खालचा कोपरा, दरवाजांचा तळ, डिकीची कड.

जिवावरचा गंज : रनिंग बोर्ड, पेडलखालचा फ्लोअर, सीट आणि सीट बेल्ट जिथे बोल्टने बसतात ती जागा, पुढच्या सस्पेन्शनची बैठक आणि मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे टांगले जातात त्या जागा. मागच्या पाट्यांच्या बैठका मी सगळ्यांना आधी बघायला सांगतो. सीटखालचं मॅट उचललं की फ्लोअर दिसतो. पाट्याच्या बैठकीकडे मात्र कुणी वाकून बघत नाही.

खाली गेलाच आहात तर ब्रेकचे लोखंडी पाइपही बोटाने चाचपा. पापुद्रे सुटत असतील तर आधी ते बदला.

३. गॅरेजवाला म्हणतो गळती नाही, तरी मॅटखाली पाणी कुठून येतं?

बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या रबरातून. पन्नास वर्षांचं रबर दगडासारखं कडक होतं, कोपऱ्यात आक्रसतं, आणि पाणी डॅशबोर्डामागून पायाशी उतरतं. दुसरी वाट दरवाजातून. खिडकीच्या काचेवरून ओघळलेलं पाणी दरवाजाच्या पोटात जाणारच, ते तसंच बनवलेलं असतं. ते तळातल्या भोकांतून बाहेर पडावं अशी योजना असते. पण मागच्या पेंटरने ती भोकं लांबीने किंवा अंडरकोटिंगने बुजवलेली असतात. मग दरवाजा हंडा होतो.

शोधायचं कसं? आतलं मॅट आणि खालचा तागाचा थर पूर्ण काढा. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावं, खालून वर : आधी चाकांच्या कमानी, मग दरवाजे, मग काच, शेवटी छत. वरून सुरुवात केली तर सगळीकडूनच पाणी आल्यासारखं वाटतं आणि काही कळत नाही.

हा प्रश्न मी मुद्दाम इतका वर ठेवला आहे. पाण्याची वाट बंद न करता केलेलं पत्र्याचं काम मी दोनदा वाया गेलेलं पाहिलं आहे, त्यात एकदा आमच्याच गाडीचं. नवा फ्लोअर दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा लाल झाला, कारण रबर जुनंच ठेवलं होतं.

४. रंगाला दोन-तीन फुगे आलेत. घासून टचअप मारला तर चालेल का?

एकदा फुगा फोडून बघा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला वर ढकलतो. बाहेर नाण्याएवढा फुगा असेल, तर खालचा गंज तळहाताएवढा असू शकतो. रंग खरवडत बाहेरच्या दिशेने जा, आणि सगळ्या बाजूंनी चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबू नका. भोक नसेल आणि पत्रा दाबल्यावर लवत नसेल, तर वायर ब्रश, मग खड्ड्यांत उरलेल्या काळ्या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर (प्रश्न ५), मग इपॉक्सी प्रायमर. भोक असेल तर प्रश्न ६ आणि ७.

५. रस्ट कन्व्हर्टर खरंच काम करतं, की नुसता काळा रंग आहे?

करतं, त्याच्या मर्यादेत. त्यात साधारणपणे फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. पहिल्याने गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं, दुसऱ्याने निळसर काळं आयर्न टॅनेट. दोन्ही थर गंजापेक्षा स्थिर असतात आणि वर प्रायमर धरतात. पण रसायन वरून जेवढं भिजतं तेवढंच बदलतं. पापुद्रे निघणाऱ्या जाड गंजावर ओतलं, तर वरचं कवच काळं होतं आणि खाली लाल गंज आपलं काम चालू ठेवतो. म्हणून आधी वायर ब्रशने सैल गंज पूर्ण काढायचा.

आणखी एक अडचण बऱ्याच जणांना आली आहे. काही इपॉक्सी प्रायमर आम्लाच्या उरलेल्या थरावर नीट सुकत नाहीत, चिकट राहतात किंवा पापुद्र्यासारखे सुटतात. कन्व्हर्टर धुवायचं की तसंच सुकू द्यायचं हे दोन्ही डब्यांवर वाचा, आणि एका लपलेल्या कोपऱ्यात करून बघा.

६. भोक फायबर आणि लांबीने बुजवलं तर काय बिघडतं? डेंटर म्हणतो वर्षानुवर्षं टिकेल.

लांबी पाणी शोषते. वर रंग असला तरी भोकाच्या आतल्या बाजूने ओल येतच राहते, लांबीच्या कडेला गंज धरतो आणि संपूर्ण खपला एक दिवस हातात येतो. आमच्या गाडीच्या मागच्या कमानीतून असाच एक खपला निघाला. त्यामागे वर्तमानपत्राचा बोळा होता, आणि त्यावरची तारीख वाचता येत होती. तो बोळा पावसाळाभर ओला राहत असणार. ज्यांनी ते काम केलं त्यांचा हात सफाईदार होता, वरून काहीच कळत नव्हतं. म्हणूनच मी लोकांना रंगाआधीचे फोटो मागायला सांगतो (प्रश्न १६).

लांबीचं खरं काम वेगळं आहे. पत्रा वेल्डिंगने आणि हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे मागून धरायचा लोखंडी ठोकळा) जमेल तेवढा सपाट झाला, की उरलेली दोन-तीन मिलिमीटरची खाच भरायची. ती उघड्या लोखंडावर न लावता इपॉक्सी प्रायमरवर लावलेली जास्त टिकते.

आणि लांबी कोरडीच घासा. आपल्याकडे सवयीने लांबीलाही पाणी पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) लावतात. ती ते पाणी पिते, वर सरफेसर (रंगाखालचा अस्तराचा थर) आणि रंग बसला की आत कोंडते, आणि सहा महिन्यांनी बारीक पुरळ उठतं. पाणी पेपर सरफेसरनंतर. पेंटरशी एका गोष्टीवरून वाद घालायचा असेल, तर तो याच गोष्टीवरून घाला.

७. फ्लोअर पूर्ण बदलू की पॅच मारू? पत्रा कोणता घ्यायचा?

धड लोखंड जिथे सुरू होतं तिथपर्यंत कापायचं, त्यापलीकडे नाही. मूळ पत्र्याचे उंचवटे आणि खाचा फ्लोअरला ताठपणा देतात; सपाट पत्रा ठोकला तर तो थरथरतो आणि आवाज करतो. पॅचलाही तशाच खाचा पाडून घ्या. चांगला डेंटर लाकडी ठोकळ्यावर त्या काढून देतो.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या. जाडी अंदाजाने ठरवू नका. शेजारच्या निरोगी पत्र्यावर व्हर्नियर लावा. बाहेरच्या पॅनेलला साधारण २० गेज (सुमारे ०.९ मिमी) आणि फ्लोअर, बैठकांना १८ गेज (सुमारे १.२ मिमी) जुळतो. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तो सुचवतात. त्यावरच्या जस्ताचा वेल्डिंगमध्ये विषारी धूर होतो, ताप भरतो आणि जोडही सच्छिद्र होतो. तो टाळा.

जुन्या सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग मारणं हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. दोन पत्र्यांमध्ये ओल अडकते आणि नवा पत्रा आतून खायला लागतो. जुना कापूनच काढा.

८. गॅस वेल्डिंग बरं की सीओटू?

पातळ पत्र्याला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणारं विजेचं वेल्डिंग), ०.८ मिमी किंवा त्याहून बारीक तारेचं. गॅसची ज्योत मोठा भाग तापवते, पत्रा लाटांसारखा वाकतो आणि मग लाटा लपवायला लांबी भरावी लागते. मात्र जुन्या हाताचा गॅसवाला तापलेला जोड लगेच हातोडीने ठोकून सपाट करू शकतो, कारण तो जोड मऊ राहतो. असा कारागीर तुमच्या गावात असेल तर यंत्रासाठी त्याला सोडू नका. साधं आर्क वेल्डिंग या जाडीच्या पत्र्याला भोकं पाडतं.

सीओटूनेही एकसलग ओढू नये. इथे एक टाका, वीतभर अंतरावर दुसरा, मग पहिल्याच्या शेजारी. मध्ये गार होऊ द्यायचं. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, आतलं कापड-फोम काढा, पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक, आत वाफ असते. टाकीवर स्वतः वेल्डिंग करायचा विचारही नको.

९. रनिंग बोर्ड कापले आणि नवे लावले. आता दरवाजे बसत नाहीत. काय चुकलं?

गाडी मधून वाकली. प्रश्न २ मध्ये म्हटल्याप्रमाणे रनिंग बोर्ड हा सांगाड्याचा भाग आहे. दोन्ही बाजूंचे एकदम कापले, किंवा गाडी फक्त टोकांवर टेकवली, की मधला भाग खाली बसतो, आणि त्याच अवस्थेत नवा बोर्ड वेल्ड होतो.

बरोबर क्रम असा. दरवाजे जागेवर असताना सगळ्या फटी मोजून लिहा. दरवाजाच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे टेकू टाके मारून लावा. गाडीला सस्पेन्शनच्या बैठकांपाशी आधार द्या. एका वेळी एकच बाजू कापा. नवा तुकडा नुसत्या टाक्यांवर धरून दरवाजा बसवून बघा, फटी पुन्हा मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग.

तुमचं काम झालेलं असेल तर बिजागऱ्या वाकवून दरवाजा बसवू नका. वेल्ड उघडून पुन्हा करावं लागेल. हे ऐकायला कठीण आहे, कल्पना आहे.

१०. लहान भागांचा गंज घासल्याशिवाय निघतो का? कुणी काकवी सांगतं, कुणी बॅटरी चार्जर.

दोन्ही चालतात, आणि दोन्ही मला मनापासून आवडतात.

काकवी : एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात. बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे हात त्यात बुडवा. एक ते दोन आठवडे लागतात. काकवीतली द्रव्यं गंजाला धरून सोडवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. वास मात्र येतो. उन्हाळ्यात पिंप घरापासून लांब ठेवा. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे ओतीव भाग, म्हणजे काही हँडल आणि लोगो, त्यात अजिबात टाकू नका. ते खाल्ले जातात.

चार्जर : प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा. भाग चार्जरच्या निगेटिव्हला, साधा लोखंडी भंगाराचा तुकडा पॉझिटिव्हला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. स्टीलचा चमचा किंवा ताटली पॉझिटिव्हला लावू नका, त्यातल्या क्रोमियममुळे विषारी पाणी तयार होतं. मीठही घालू नका, क्लोरीन सुटतो. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा. पाट्यांच्या पोलादाला आणि स्प्रिंगांना ही पद्धत वापरू नका, ते ठिसूळ होऊ शकतात.

दोन्हीनंतर भाग धुवून लगेच वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. मुंबईच्या हवेत उघडं लोखंड रात्रीत लालसर होतं.

११. सगळी बॉडी सँडब्लास्ट करून घेऊ का?

सस्पेन्शनचे हात, रिम, जाड ब्रॅकेट यांना जरूर. बोनेट, छत, दरवाजे यांना नको. वाळूच्या माऱ्याने मोठा सपाट पत्रा फुगतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. शिवाय वाळूची धूळ फुप्फुसात बसली की बरी होत नाही. शेडमध्ये पूर्ण मुखवट्याशिवाय काम चालू असेल, तर तिथे उभेही राहू नका.

१२. पेंट कधी करावा? जुलैमध्ये केला आणि रंग पांढरट पडला.

तुमचा रंग एनसी, म्हणजे आपण ज्याला ड्युको म्हणतो तो, असणार. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. तोच पांढरट धूर. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर घालून थोडं सावरता येतं. किनारपट्टीवर मी पत्रा आणि रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करायला सांगतो. पावसाळ्यात सुटे भाग करा.

एनसी लवकर सुकतो, घासून पॉलिश होतो आणि जुन्या गाडीवर त्याची मऊ चमक शोभते. टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) रंग जास्त टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी कायमचा दमा होऊ शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क काही उपयोगाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. घरच्या पार्किंगमध्ये टू-के मारू नका, वर बाल्कनीत लोक राहतात.

१३. क्रोम बंपरवर गंजाचे ठिपके आहेत.

क्रोमचा थर फार पातळ असतो. खाली निकेल, चांगल्या कामात त्याखाली तांबं. गंज बारीक छिद्रांतून येतो. ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा, धुवा, मग मेण लावा. निकेल उघडं पडलं असेल तर री-क्रोम.

१४. खालून जळकं ऑइल मारतात, ते चांगलं का?

नको. रबराचे बुश फुगतात, ब्रेकवर उडतं, माती खराब होते, आणि पुढे वेल्डिंग करायची वेळ आली तर तेच पेटतं. डांबरी अंडरकोटिंगही गंजावर मारलं तर झाकण होतं. स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर ते ठीक आहे, पाणी जायची भोकं मोकळी ठेवून. रनिंग बोर्डाच्या आणि दरवाजांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) फवारा. संपूर्ण कामात सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा भाग हाच.

हरिहरेश्वर किंवा गणपतीपुळ्याला वाळूवर गाडी नेली असेल, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

१५. पावसाळाभर कव्हर घालून ठेवतो, तरी गंज कसा?

म्हणूनच. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली जमिनीची वाफ कोंडते. छपराखाली, काचा बोटभर उघड्या, आतली मॅट काढून ठेवा. कव्हर हवंच तर हवा जाणारं कापडी. आठवड्यातून एकदा उघडा.

१६. किती खर्च येईल?

रंग काढल्याशिवाय कुणीही खरं सांगू शकत नाही. दोन टप्प्यांत बोला : आधी रंग-लांबी उतरवण्याची मजुरी, मग उघडा पत्रा दोघांनी मिळून पाहून पॅनेलप्रमाणे भाव. उघड्या पत्र्याचे, वेल्डिंग झाल्याचे आणि प्रायमरचे फोटो लागतील हे पहिल्याच दिवशी सांगा. नवे पत्रे न मिळाल्यास कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे भाग शोधता येतात. फेंडर घेताना चुंबक खिशात असू द्या.

१७. रंग बदलला तर आरटीओला कळवावं लागतं का? आणि आमची गाडी १९७४ ची आहे, विंटेज होईल का?

रंग बदलला की आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते. आधी चौकशी करा, मग रंगवा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं ओलांडलेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमाराचं, म्हणजे पहिल्या पद्मिनी आता या वयाला पोचत आहेत. दोन गोष्टी लक्षात ठेवा. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते. आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून सडलेला भाग मूळ आकारातच बदला, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो जपा.

१८. चासी नंबर कोरलेल्या पत्र्यालाच गंज धरलाय. तो भाग कापू का?

त्या पत्र्याला ग्राइंडर, वायर व्हील किंवा ब्लास्टिंग काहीही लावू नका. आधी स्वच्छ फोटो काढा आणि पेन्सिलने कागदावर ठसा घ्या. मग लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सैल गंज काढा, फडक्यावर थोडं टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर घेऊन टिपा (काकवीत बुडवता येणार नाही), आणि अंक वाचता येतील इतका पातळ पारदर्शक लॅकर मारा. भोवतालचा पत्रा कापायचा असेल तर नंबराच्या चौकटीपासून लांबून कापा आणि तो तुकडा जागचा हलवू नका. अंक मुळीच वाचता येत नसतील, तर आरसी, विम्याचे जुने कागद आणि ठसा घेऊन आरटीओत जा. नंबर पुन्हा कोरायचा झाला तर तो त्यांच्या लेखी परवानगीनेच, गॅरेजमध्ये पंच आणून नाही.